कधीच नापास न होणारी चाचणी

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार, हे आपल्या हिंगोलीकरांना आता नवीन नाही. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. आज आपण बोलणार आहोत ते अशा प्रयोगामागच्या सॉफ्टवेअरबद्दल, त्यातही युनिट टेस्टमधल्या एका ओळीबद्दल. तिला असर्शन म्हणतात. "उत्तर एवढंच आलं पाहिजे, नाहीतर थांब," असं ती संगणकाला बजावते.

आता संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का विचारलं, तर तो "नाही" म्हणतो. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत, शेवटी कुठेतरी कणभर फरक राहतो. म्हणून आपण "बरोबर तेवढंच" न विचारता "जवळपास तेवढं" विचारतो. पायथॉनमध्ये त्यासाठी पायटेस्टचं अप्रॉक्स आहे, नमपायचं इझक्लोज आहे. इथवर ठीक.

गोम पुढे आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली लहर सापडली, तेव्हा ताणाचं माप होतं साधारण १० चा उणे २१ वा घात. म्हणजे ४ किलोमीटरच्या भुजेत प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याएवढा बदल! आणि अप्रॉक्स न विचारता किती फरक माफ करतं? १० चा उणे १२ वा घात. इझक्लोज तर उणे ८ वा. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर नथ ठेवण्यातला प्रकार. उत्तर पाचपट चुकलं, शून्य आलं, तरी चाचणी पास! तिचा हिरवा रंग बघून आपण निर्धास्त झोपतो, हे जास्त वाईट.

नुसती सापेक्ष मर्यादा दिली तरी अप्रॉक्समध्ये ती उणे १२ ची निरपेक्ष मर्यादा मागे राहतेच, बरं का. ती शून्य आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. नमपायच्या असर्ट-ऑलक्लोजमध्ये ती मुळातच शून्य असते. शिवाय चूक झाली की दोन्ही आकडे आणि फरक ते छापतं. असर्ट-ट्रू मध्ये गुंडाळलेली तुलना फक्त "फॉल्स इज नॉट ट्रू" म्हणते. रात्री दोन वाजता त्यातून काय कळणार? अपेक्षित उत्तरच शून्य असेल, तर मात्र सापेक्ष मर्यादा निरुपयोगी. तिथे मोजमापाचा आवाका बघून निरपेक्ष मर्यादा आपणच ठरवायची.

पण चाचणी खरंच पकडते का, हे कळावं कसं? लायगोवाल्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच उपकरणात गुपचूप खोटा संकेत सोडला. शास्त्रज्ञांनी तो शोधला, महिनोन्‌महिने तपासला, शोधनिबंधाचा मसुदाही केला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला तेव्हा कळलं की संकेत पेरलेला होता. आपल्याला एवढं काही करावं लागत नाही. सूत्रात मुद्दाम दोनाने गुणायचं आणि चाचणी चालवायची. लाल झाली नाही, तर आधी असर्शन दुरुस्त करायचं.