म्हाताऱ्या कुत्र्याला कॅन्सर झाला तर खर्चाचं गणित कसं मांडायचं?

आंघोळ घालताना एखादी गाठ हाताला लागते. डॉक्टर सुई टोचून नमुना घेतात आणि चार दिवसांनी ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडतो. त्यानंतर घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, पण तो मोठ्यानं कुणी विचारत नाही. खर्च किती येईल? आणि आता या वयात तो करायचा का?

हा प्रश्न पडला म्हणून लाज वाटायचं कारण नाही. माणसासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, मेडिक्लेम आहे, धर्मादाय रुग्णालयांत राखीव खाटा आहेत. कुत्र्यासाठी यातलं काहीच नाही. त्याचं बिल घरच्याच पैशातून भरायचं असतं, आणि त्याच पैशातून मुलांची फी आणि आजीची औषधंही जात असतात.

हा आजार इतका सर्रास होतो का?

हो. १० वर्षांवरच्या जवळपास निम्म्या कुत्र्यांना कॅन्सर होतो, असं अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना सांगते. कुत्री आता जास्त जगतात आणि म्हातारपणाचे आजारही त्यामुळे जास्त दिसतात.

मग खर्चाचा अंदाज कसा येणार?

त्यासाठी आधी कॅन्सरचा नेमका प्रकार कळायला हवा. ‘कॅन्सरचा खर्च किती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ही चार उदाहरणं पाहा.

- टीव्हीटी: जननेंद्रियांवर होणारा, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा हा ट्यूमर आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांमध्ये बराच आढळतो. व्हिनक्रिस्टिन हे जुनं, स्वस्त इंजेक्शन आठवड्यातून एकदा, काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. इथे पैशाअभावी हार मानणं चुकीचं ठरेल.
- स्तनाची गाठ: मादीमध्ये सर्रास होते. यातल्या साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या नसतात. लहान असतानाच काढली तर अनेकदा एका शस्त्रक्रियेत विषय संपतो.
- लिम्फोमा: चार-पाच औषधांची केमोथेरपी पाच-सहा महिने चालते. बहुतेक कुत्र्यांमध्ये गाठी विरघळतात, पण आजार सहसा परत येतो. या उपचारानं साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं, फक्त स्टेरॉइडवर एक-दोन महिन्यांचं.
- हाडाचा कॅन्सर: फक्त पाय काढला तर साधारण चार ते सहा महिने, सोबत केमो दिली तर १० ते १२ महिने.

म्हणजे कुठे पैसे देऊन आजार बरा होतो, तर कुठे फक्त वेळ मिळतो. दोन्ही गोष्टींना किंमत आहे, पण आपण नेमकं कशासाठी पैसे मोजतोय हे आधी कळायला हवं. म्हणूनच सुईची तपासणी, बायोप्सी, छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी यांवरचा खर्च वाचवू नये. आजार फुप्फुसात पसरला आहे की नाही हे न पाहता केलेली मोठी शस्त्रक्रिया सगळ्यात महाग पडू शकते.

एक सावधगिरी घ्या. लिम्फोमाची शंका असेल तर निदान होण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नका. त्यानं निदान चुकू शकतं आणि पुढे केमोचा परिणामही कमी होतो.

बिलात काय काय असतं?

तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, औषधं, प्रत्येक केमोआधीची रक्ततपासणी आणि येण्याजाण्याचा खर्च. कुत्र्यांमध्ये केमोचा डोस बहुधा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. त्यामुळे ३० किलोच्या लॅब्रेडॉरला १० किलोच्या पगच्या तिप्पट नव्हे, साधारण दुप्पट औषध लागतं.

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेवर जीएसटी लागत नाही. दुकानातून घेतलेल्या औषधांचा आणि खाद्याचा हिशेब वेगळा. तपासणीच्या फीवर कर लावलेला दिसला तर विचारायला संकोच करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंदाजपत्रक लेखी मागा. पूर्ण उपचारांचं एक आणि फक्त वेदना कमी ठेवण्याच्या उपचारांचं एक, अशी दोन मागा.

विमा कामाला येईल का?

आजार निघाल्यावर नाही. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्ससारखी सरकारी कंपनी आणि काही खासगी कंपन्या कुत्र्यांचा विमा देतात. पण आधीपासून असलेला आजार त्यात धरत नाहीत, सुरुवातीचा प्रतीक्षा कालावधी असतो आणि नव्यानं विमा घ्यायला वयाची अट असते. अनेक योजनांत ती सात-आठ वर्षांच्या आसपास येते. म्हणजे कॅन्सरचा धोका वाढायच्या वयातच दार बंद होतं.

विमा आधीच घेतलेला असेल तर ‘शस्त्रक्रिया व रुग्णालयीन खर्च’ आणि ‘गंभीर आजार’ ही कलमं नीट वाचा. काही योजनांत फक्त मृत्यूची भरपाई असते. दावा फेटाळला आणि कंपनीकडच्या तक्रारीनं काम झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क लागत नाही. आयकरातली ८०डी ची सवलत मात्र कुत्र्याच्या उपचारांना मिळत नाही.

कमी खर्चात उपचार कुठे मिळतात?

महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबईत परळला, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत. अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे. त्यांच्या दवाखान्यांत दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात. रांग मात्र मोठी असते, त्यामुळे केमोची सोय आणि वेळ आधी फोन करून विचारा. मुंबईत परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, म्हणजे मुंबईकरांचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं आहे.

लहान गावात राहत असाल तर निदान आणि उपचारांची आखणी मोठ्या ठिकाणी करून घ्या. नंतरची काही इंजेक्शनं आणि रक्ततपासण्या जवळच्या डॉक्टरांकडे करता येतील का, हे तिथेच विचारा. प्रवासाचा खर्च आणि म्हाताऱ्या कुत्र्याची दगदग, दोन्ही वाचतात.

कर्ज काढावं का?

आधी हिशेब करा. १६ टक्के व्याजानं एक लाख रुपये दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे ४,९०० रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण साधारण १ लाख १७ हजार फेडावे लागतात. क्रेडिट कार्डवर ५० हजार थकवले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असलं, तर नुसतं व्याजच १,७५० रुपये होतं.

आता हे आकडे वरच्या महिन्यांशेजारी ठेवा. लिम्फोमात साधारण एक वर्ष मिळतं, हप्ते मात्र दोन वर्षं चालतात. कुत्रा गेल्यानंतरही ते भरावे लागतील. हे मान्य असेल तर कर्ज जरूर काढा, पण सही करण्याआधी घरात सगळ्यांशी बोला. ऑनलाइन वर्गणी काढायची असेल तर रिपोर्ट आणि लेखी अंदाजपत्रक जोडा, आणि संकेतस्थळ किती रक्कम कापून घेतं ते आधी पाहा.

उपचार न करणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं का?

नाही. वेदनाशामक, मळमळीचं औषध, मऊ अंथरूण, आवडीचं खाणं, हेही उपचारच आहेत आणि त्यांचा खर्च आवाक्यात असतो. मात्र घरातली माणसांची औषधं देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्यासाठी विषारी ठरू शकतं.

थांबायचं कधी हे ठरवायला अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी मदत करते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि ‘वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का’ या सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. जितका त्रास कमी, तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर साधारणपणे त्याचं जगणं सुसह्य आहे असं मानतात. दर रविवारी घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण लिहावेत. आकडे सतत उतरू लागले की दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोलायची वेळ झालेली असते.

आपण केमोकडे महिन्यांच्या हिशेबानं पाहतो. कुत्र्याला तो हिशेब कळत नाही. आज दुखतंय का, आज जेवलो का, आज घरची माणसं जवळ आहेत का, एवढंच त्याला कळतं. पैसे कमी असले तरी या तीन गोष्टींची काळजी घेणं बहुतेक घरांना जमतं.