धरण भरलं म्हणजे मासे आले, असं नसतं

नारायणगावहून येडगाव धरण हाकेच्या अंतरावर, वडज आणि माणिकडोह जुन्नरकडे, आणि डिंभे पलीकडे आंबेगाव तालुक्यात. एवढं पाणी आजूबाजूला असल्यामुळे माशांबद्दल बोलताना आपण फार निर्धास्त असतो. ‘पाणी आहे तिथे मासे असणारच’ हे वाक्य तर इतक्या वेळा कानावर पडतं की त्यात चूक आहे हेच लक्षात येत नाही.

बाजारात धरणाचा मासा म्हणून जो मिळतो तो बहुतेक कटला, रोहू नाहीतर मृगळ. हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांमधले मासे. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं, धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. म्हणून त्यांचं बीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावं लागतं. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूतल्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली. हॅचरीतून निघणारं आजचं बीज त्या प्रयोगाच्या वाटेनेच आलेलं आहे. एखाद्या वर्षी बीज पडलं नाही, तर धरण कितीही तुडुंब भरो, दोन वर्षांनी जाळं हलकंच येतं.

मग उत्तर मिळतं, ‘लाखांनी बीज सोडा, प्रश्न मिटला.’ इथे आकडा फसवतो. अंड्यातून नुकतंच निघालेलं मत्स्यजिरं सात-आठ मिलिमीटरचं असतं. ते थेट मोठ्या पाण्यात सोडणं म्हणजे मरळीला आयतं जेवण वाढणं. तेच पिल्लू बोटाएवढं, आठ-दहा सेंटिमीटरचं झालं की निसटायला शिकतं. त्याला बोटुकली म्हणतात, आणि धरणात सोडायची ती हीच. डिंभ्याच्या जलाशयात मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने स्थानिक आदिवासी मच्छीमारांनी पाण्यातच जाळीचे तरंगते पिंजरे लावले, बारीक बीज त्यात वाढवलं आणि बोटुकली झाल्यावर मोकळं केलं. बीज दुरून डब्यांतून आणताना होणारी मरतूक त्यामुळे टळते, आणि वाढवणाऱ्याला ते आपलं वाटतं. या दुसऱ्या फायद्याची नोंद सरकारी तक्त्यात सापडणार नाही.

‘चढणीचे मासे पकडले तर काय बिघडतं, ते तर पूर्वीपासून चालत आलंय.’ हा गैरसमज अर्धा खरा आहे, म्हणून जरा थांबून पाहायला हवा. मृगाच्या पहिल्या जोरदार सरी पडल्या की आहुप्याच्या बाजूने घोड नदीला गढूळ लोंढा येतो. देशी मासे त्या पाण्याच्या उलट दिशेने ओढ्यांत, तिथून भाताच्या खाचरांत चढतात. या दिवसांतली मादी हातात घेतली की पोट टणक लागतं, चिरलं तर गाबोळीने गच्च भरलेलं. घरापुरती टोपलीभर मासळी धरण्याने नदी रिकामी झाली नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते करणाऱ्या माणसावर बोट रोखणं मला पटत नाही. पण ओढ्याचं तोंडच जाळ्याने बांधून टाकणं, विषारी पूड टाकणं किंवा जिलेटीनचा बार उडवणं ही वेगळी गोष्ट. विष आणि स्फोटकं वापरून मासे मारायला 1897च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि तरी ते चालतं. बारात अंडी, पिल्लं, किडे, खेकडे सगळंच जातं. मेलेल्यातले कितीतरी मासे तळाला बसतात, मारणाऱ्याच्याही हाती लागत नाहीत.

समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. पुष्कळांना वाटतं ती केवळ वादळापायी. वादळ हे कारण आहेच, पण विणीला उसंत मिळावी हाही हेतू आहे. महाराष्ट्राचा राज्यमासा ठरलेल्या पापलेटला 135 मिलिमीटरची किमान लांबी ठरली तीही तेवढ्याचसाठी. त्याहून लहान पापलेट पकडला की तो एकदाही न विता संपतो. धरणातल्या कटल्याला मात्र हा युक्तिवाद तसाच लावता येत नाही, कारण तो इथे विणारच नसतो. तिथे बारीक डोळ्याच्या जाळ्याचा तोटा वजनाचा आहे. खाद्य चांगलं असेल तर कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो, आणि पावशेराला काढला तर बीजाचा खर्चही धड निघत नाही. शिवाय त्याच जाळ्यात देशी माशांची पिल्लं अडकतात, त्यांचं नुकसान भरून द्यायला कोणती हॅचरी नसते.

चिलापीबद्दल थोडक्यात. ‘आपोआप वाढते, बरंच आहे’ असं म्हणणाऱ्यांनी तिची वीण बघावी. नर तळाशी खळगा करतो, मादी फलित अंडी तोंडात घेऊन सांभाळते, आणि वर्षातून कितीतरी वेळा हे चालतं. भारतात 1952 साली आणलेला हा मासा देशी माशांच्या खाद्यावर आणि जागेवर बसतो. त्यातून दाटी झाली की स्वतःही बुटका राहतो.

सगळ्यात पक्का गैरसमज असा की पाणी हा पाटबंधाऱ्याचा विषय आणि मासे हा मत्स्यखात्याचा. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावात येतं, तिथून कुकडीच्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. आवर्तन सुटलं की काठाची उथळ पट्टी उघडी पडते. चारा, शेवाळ, किडे आणि पिल्लांचा आसरा असतो तो त्याच पट्टीत. तिथली अंडी चार दिवसांत वाळून जातात. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याकडे गेलं की मासे एका डोहात गोळा होतात आणि पकडणं फार सोपं होतं. त्या हंगामात भरघोस मासळी दिसली म्हणून खुश होणं घातक असतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2003 साली मासेमारीसाठी ‘परिसंस्था’ धरून नियोजन करायची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती समुद्र डोळ्यांपुढे ठेवून, पण पाणी, काठ, खाद्य आणि माणूस एकत्र मोजायचे हा त्यातला हिशेब डिंभ्याला तंतोतंत लागू पडतो.

माणूस तर सगळ्यांत आधी. या धरणात जुनं आंबेगाव बुडालं, ज्याच्या नावावर तालुका आहे ते गाव. शेती गेलेल्या महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबांनी काठच्या गाळपेरीबरोबर जलाशयातली मासेमारीही आपल्या सहकारी संस्थेकडे मिळवली. त्यांच्यासोबत राहून काम करणाऱ्या, कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ‘ठेकेदाराला द्या, उत्पन्न वाढेल’ म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की ठेक्याची मुदत संपली की निघून जाणाऱ्याला पुढच्या सालच्या बोटुकलीची काळजी असायचं कारण नाही, काठावर राहणाऱ्याला असतं.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनावरून तालुक्या-तालुक्यांत जुंपते, ऊस, कांदा, टोमॅटो सगळ्यांचे वकील तिथे असतात. मच्छीमार संस्थेचा एक माणूसही तिथे बसवावा. मेअखेरीस धरणात किती पाणी शिल्लक ठेवणार, हा आकडा त्याला बीजाची मागणी नोंदवण्याआधी कळला, तरी बरंच बीज वाचेल.