संशयाचे मोजमाप : अमेरिकी अण्वस्त्र प्रयोगशाळांतील प्रतिहेरगिरी विश्लेषक

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अखत्यारीत १७ राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत आणि त्यांपैकी लॉस अलामोस, लॉरेन्स लिव्हरमोर व सँडिया या तिघींकडे अण्वस्त्रांची रचना करणे, त्यांची देखभाल करणे आणि साठ्यातील जुनी होत चाललेली अस्त्रे अजून भरवशाची आहेत की नाहीत हे तपासणे ही कामे सोपवलेली आहेत. अशा प्रयोगशाळेत संशोधन विभागांच्या जोडीला प्रतिहेरगिरीचे एक लहानसे कार्यालयही असते. परकीय हेरसंस्था आपल्याकडील कोणत्या माहितीच्या मागे आहेत आणि त्यासाठी कोणाला हाताशी धरू पाहत आहेत हे ओळखून त्यांना वेळीच पायबंद घालणे म्हणजे प्रतिहेरगिरी. या कार्यालयातील विश्लेषक पोलीस नसतो आणि पहारेकरीही नसतो. कुंपणे, फाटके, ओळखपत्रे आणि तिजोऱ्या सुरक्षा विभाग सांभाळतो, तर गुन्ह्याचा तपास आणि अटक हा एफबीआयचा अधिकार असून, गोपनीय माहिती परकीय सत्तेच्या हाती गेल्याची शंका येताच ती एफबीआयला कळवणे गुप्तवार्ताविषयक कायद्याच्या ८११व्या कलमाने सर्व खात्यांना बंधनकारक केले आहे. त्या शंकेला कितपत आधार आहे, ती कोणत्या नोंदींवर उभी आहे आणि तिचे दुसरे काही साधे स्पष्टीकरण संभवते का, एवढे ठरवणे विश्लेषकाकडे उरते, आणि या व्यवसायाची सारी अब्रू व सारी बदनामी याच निवाड्यातून आलेली आहे.

या कामाची गरज प्रथम जेथे भासली, त्या लॉस अलामोसचा १९४३ मध्ये बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता ‘पोस्ट बॉक्स १६६३, सांता फे’ एवढाच होता. अणुबॉम्ब प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांचा आग्रह होता की प्रत्येकाला आपल्या कामापुरतेच ठाऊक असावे, तर संचालक रॉबर्ट ओपेनहायमर यांचे म्हणणे होते की एकमेकांच्या अडचणी कळल्याशिवाय शास्त्रज्ञांना प्रश्न सुटायचे नाहीत. अखेर ओपेनहायमर यांचे म्हणणे टिकले, दर आठवड्याला चर्चासभा भरू लागली आणि पांढरा बिल्ला लावणाऱ्या शास्त्रज्ञांना तेथे सर्व विषय खुले झाले. लष्कराची प्रतिहेरगिरी शाखा या काळात खुद्द ओपेनहायमर यांच्या मागावर माणसे ठेवून होती, पण ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रिटिश पथकातून आलेला क्लाउस फुक्स त्याच सभांना बसत असे आणि ब्रिटनने त्याची छाननी केली आहे एवढ्यावर अमेरिकेने समाधान मानले होते. पाळत चुकीच्या माणसावर आणि विश्वासही चुकीच्याच माणसावर, अशी ही विचित्र सुरुवात होती.

सोव्हिएत संघाला माहिती पुरवणारा फुक्स सापडला तो पाळतीमुळे नव्हे, तर कागद जुळवण्याच्या चिकाटीमुळे, आणि आजच्या विश्लेषकाचा खरा पूर्वज तेथेच दिसतो. व्हर्जिनियातील आर्लिंग्टन हॉल येथे १९४३ पासून अमेरिकी लष्कराचे लिपितज्ज्ञ सोव्हिएत वकिलातींच्या सांकेतिक तारा उलगडण्याच्या खटपटीत होते. या तारांसाठी एकदाच वापरून फेकून द्यायच्या आकड्यांच्या वह्या वापरल्या जात, त्यामुळे एरवी त्या अभेद्यच ठरल्या असत्या. परंतु युद्धाच्या धांदलीत मॉस्कोत काही पाने दोनदा छापली गेली आणि त्या निष्काळजीपणातून जो उलगडा सुरू झाला त्याला पुढे ‘वेनोना’ हे नाव पडले. तारांमध्ये खबऱ्यांची टोपणनावे असत, खरी नावे क्वचितच असत. जून १९४४ च्या एका तारेत युरेनियम वेगळे करण्याच्या वायुविसरण पद्धतीवरील एका शोधनिबंधाचा सारांश होता; १९४९ मध्ये मूळ निबंध मागवून पाहिला तेव्हा लेखकाच्या जागी फुक्सचे नाव निघाले, आणि दुसऱ्या एका तारेत खबऱ्याची बहीण अमेरिकेत असल्याचा जो उल्लेख होता तोही त्याला लागू पडला. एकटा निबंध पुरेसा नव्हता, कारण तो अनेकांनी वाचलेला असू शकतो, आणि एकटी बहीणही पुरेशी नव्हती. दोन स्वतंत्र धागे एकाच माणसापाशी येऊन मिळाले हे महत्त्वाचे होते. जानेवारी १९५० मध्ये फुक्सने कबुली दिली आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

वेनोनानेच या व्यवसायाची दुसरी बाजूही दाखवून दिली. थिओडोर हॉल हा १९ वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ लॉस अलामोसमधून स्वतंत्रपणे माहिती पुरवत होता आणि नोव्हेंबर १९४४ च्या एका तारेत त्याचे खरे नाव उघडपणे लिहिले गेले होते. एफबीआयने १९५१ मध्ये त्याची चौकशी केली, परंतु तो काही कबूल करीना, आणि त्या तारा न्यायालयात मांडायच्या तर उलगड्याचे गुपितच फुटले असते. परिणामी त्याच्यावर कधीच खटला झाला नाही आणि १९९५ मध्ये वेनोनाची कागदपत्रे खुली झाल्यावरच जगाला त्याचे नाव कळले. माहिती असणे आणि पुरावा असणे यांतील ही दरी विश्लेषकाच्या रोजच्या कामातही कायम असते.

रोजचे काम पाहू जाता मात्र ते बरेचसे रुक्ष आहे. मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवून ज्यात शिरावे लागते अशा बंदिस्त खोलीत बसून विश्लेषक प्रवासाचे अर्ज, परदेशी पाहुण्यांच्या याद्या, संगणक यंत्रणेच्या नोंदी आणि इतर गुप्तवार्ता संस्थांचे अहवाल एकमेकांशी ताडून पाहतो. परदेशी परिषदेला निघालेल्या शास्त्रज्ञाला कार्यालयातर्फे आधी सावधगिरीच्या सूचना दिल्या जातात आणि परतल्यावर विचारपूस होते. कोणी विषयाबाहेरचे प्रश्न विचारले का, पहिल्या भेटीत प्रकाशित निबंधाची स्तुती करणाऱ्याने दुसऱ्या भेटीत गटातील सहकाऱ्यांची नावे आणि तिसऱ्या भेटीत वापरात असलेल्या संगणकीय प्रणालींची चौकशी केली का, तिकीट व राहण्याच्या खर्चासह व्याख्यानाचे निमंत्रण दिले का, अशी ती विचारपूस असते. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर विद्वानांच्या जगातील नित्याचा शिष्टाचारच ठरेल. गोडीगुलाबीने माहिती काढून घेण्याची कला नेमकी याच शिष्टाचाराच्या आडोशाने चालते. १९८५ मध्ये बीजिंगमधील एका हॉटेलच्या खोलीत यजमान शास्त्रज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे देताना लेसर संमीलनाविषयीची तेव्हा गोपनीय असलेली माहिती आपण सांगितली, असे लॉस अलामोसमध्ये काम केलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये कबूल केले. चोरलेली फाईल नाही, लपवलेला कॅमेरा नाही; केवळ आपल्या विषयात रस असलेल्या माणसांशी झालेले बोलणे.

अहवालाच्या भाषेलाही शिस्त असते. अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांसाठी २००७ मध्ये ठरवून दिलेल्या मानकांनुसार एखादी गोष्ट घडलेली असण्याची शक्यता आणि त्या अंदाजाविषयीची विश्लेषकाची खात्री या दोन बाबी वेगळ्या सांगाव्या लागतात, आणि २०१५ च्या सुधारित आवृत्तीत ‘संभाव्य’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ८० ते ९५ टक्के, अशा पायऱ्याही लावून दिल्या आहेत. हा सोपस्कार बाहेरच्या माणसाला कारकुनी वाटेल; त्याच्या अभावी काय होते हे लॉस अलामोसने त्याआधीच भोगले होते.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या हाती आलेल्या एका चिनी दस्तऐवजात डब्ल्यू-८८ या अण्वस्त्राविषयीचे तपशील होते. त्यावरून ऊर्जा खात्याने जी चौकशी केली तिने ही माहिती लॉस अलामोसमधूनच गेली असावी असे धरून संशयितांची यादी आखडली, आणि ती अखेरीस तैवानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ वेन हो ली यांच्यावर येऊन थांबली. वस्तुतः ही माहिती देशभरातील अनेक कार्यालये, कंत्राटदार आणि लष्करी विभाग यांच्या शेकडो कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलेली होती, त्यामुळे पहिले गृहीतच कच्चे होते. फुक्सच्या बाबतीत दोन धागे एकत्र आले होते. येथे एकाच धाग्याला पीळ देत राहण्यात आले. मार्च १९९९ मध्ये ली यांना नोकरीवरून काढण्यात आले, डिसेंबरात त्यांच्यावर ५९ आरोप ठेवण्यात आले आणि २७८ दिवस ते एकांत कोठडीत राहिले. त्यांनी गोपनीय संगणकीय सामग्री नियम मोडून टेपवर उतरवली होती हे खरे होते, आणि सप्टेंबर २००० मध्ये तेवढा एकच आरोप त्यांनी मान्य केला. हेरगिरी सिद्ध होणे दूरच, तिचा आरोपसुद्धा ठेवला गेला नव्हता. न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची माफी मागितली, आणि २००६ मध्ये सरकार व पाच वृत्तसंस्था यांनी मिळून सुमारे १६ लाख डॉलर देऊन त्यांचा दिवाणी दावा मिटवला.

याच प्रकरणातील एक तपशील विशेष बोलका आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ली यांची पॉलिग्राफ चाचणी झाली. श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम यांतील बदलांवरून खरेखोटे ठरवू पाहणारी ही चाचणी ते उत्तीर्ण झाल्याचा निष्कर्ष तेव्हा निघाला, आणि पुढे त्याच आलेखांवर एफबीआयने वेगळे मत दिले. असे असूनही प्रकरणाच्या गदारोळानंतर अमेरिकी संसदेने प्रयोगशाळांतील हजारो कर्मचाऱ्यांना याच चाचणीखाली आणण्याचे ठरवले, शास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे निवाडा सोपवण्यात आला. अकादमीच्या समितीने मांडलेले गणित प्रत्येक विश्लेषकाला पाठ असावे असे आहे. समजा, १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत. त्यांतील ८ पकडले जातील इतकी चाचणी कडक ठेवली, तर सुमारे १,६०० निरपराध माणसेही त्यांच्यासोबत अनुत्तीर्ण होतात; उलट निरपराधांना त्रास नको म्हणून ती सैल केली, तर अनुत्तीर्णांची संख्या ४० च्या आसपास येते खरी, पण १० पैकी ८ हेर निर्धास्तपणे बाहेर पडतात. दोष यंत्राचा जितका, तितकाच हेरांच्या दुर्मिळपणाचा. जी गोष्ट हजारांत एकदा घडते तिच्यासाठी लावलेली कोणतीही चाळणी, मग ती पॉलिग्राफ असो, प्रवासाच्या नोंदी असोत की आडनाव असो, प्रामुख्याने निरपराधांनाच अडवते. ऊर्जा खात्याने २००६ मध्ये नियम बदलून चाचणीची व्याप्ती कमी केली.

अपयशांच्या यादीत निव्वळ हास्यास्पद प्रकारही आहेत. जुलै २००४ मध्ये लॉस अलामोसमधील दोन गोपनीय डिस्क नाहीशा झाल्याचे आढळले आणि संचालकांनी प्रयोगशाळेचे जवळजवळ सारे काम थांबवले. कित्येक महिन्यांनी निष्पन्न झाले की त्या डिस्क कधी अस्तित्वातच नव्हत्या, त्यांच्यासाठी छापलेली बारकोडची लेबले तेवढी नोंदीत चढली होती.

दरम्यान धोक्याचे रूप बदलले. २००७ मध्ये टेनेसीतील ओक रिज प्रयोगशाळेत बनावट ईमेलद्वारे झालेल्या घुसखोरीत १९९० ते २००४ या काळातील पाहुण्यांच्या नोंदी चोरांच्या हाती लागल्या. वरकरणी किरकोळ वाटणारी ही चोरी विश्लेषकाच्या दृष्टीने गंभीर ठरते, कारण कोण, केव्हा या दाराशी आले होते हे कळले की पुढे कोणाशी ओळख वाढवायची हेही कळते. चीनने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘हजार प्रतिभा’ योजनेसारख्या उपक्रमांत गुपितापेक्षा अनुभवी माणूसच विकत घेण्याचा प्रयत्न दिसल्यावर, २०१९ मध्ये ऊर्जा खात्याने आपल्या व कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना काही ठरावीक देशांच्या अशा योजनांत भाग घेण्यास मनाई केली.

भारतीय संशोधकांचा या कार्यालयाशी संबंध दूरचा नाही. १९९० च्या दशकात ऊर्जा खात्याच्या ‘संवेदनशील देशां’च्या यादीत भारताचे नाव होते, त्यामुळे मुंबई-पुण्याहून तेथे जाणाऱ्या अभ्यागतालाही अतिरिक्त छाननीला सामोरे जावे लागे. शिवाय या दुधारी प्रश्नाचा अनुभव भारताने स्वतःही घेतला आहे. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरवले, आणि ५० लाख रुपयांच्या भरपाईचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश येईपर्यंत २०१८ साल उजाडले. उलट बाजूला, मे २०२३ मध्ये पुण्यातील एका संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या संचालकांनाच महाराष्ट्र एटीएसने शासकीय गुपिते कायद्याखाली अटक केली, तेव्हा हनीट्रॅपचा जो आरोप पुढे आला त्याने निवृत्तीच्या उंबरठ्यावरील वरिष्ठही या जाळ्याबाहेर नसतात ही चर्चा मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोचली.

विश्लेषकाला आपल्या निर्णयाचा निकाल हयातीत कळेलच असे नाही. युद्धकाळातील लॉस अलामोसच्या हेरांची यादी फुक्स, हॉल आणि यंत्रकारागीर डेव्हिड ग्रीनग्लास या तिघांवर संपते असे अनेक वर्षे मानले गेले. हार्वी क्लेर आणि जॉन अर्ल हेन्स या इतिहासकारांनी २०१९ मध्ये त्या यादीत चौथे नाव घातले. ऑस्कर सेबोरेर हा विद्युत अभियंता लष्करी नेमणुकीवर १९४४ ते १९४६ या काळात तेथे होता, पहिल्या अणुचाचणीच्या वेळीही हजर होता, १९५१ मध्ये त्याने अमेरिका सोडली, आणि नव्वदी ओलांडून २०१५ मध्ये तो मॉस्कोत वारला.