चिकित्सालयीन चेतामानसशास्त्रज्ञ

मेंदूला झालेली इजा, आजार किंवा त्याच्या वाढीतील दोष यांचा माणसाच्या स्मृती, अवधान, भाषा, विचार व वर्तन यांवर काय परिणाम झाला आहे, हे मुलाखत, निरीक्षण आणि चाचण्या यांच्या आधारे ठरवून पुनर्वसनाची दिशा सुचवणाऱ्या मानसशास्त्रज्ञास चिकित्सालयीन चेतामानसशास्त्रज्ञ म्हणतात. रुग्णालयांत ‘क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट’ हेच नाव अधिक रूढ आहे. न्यूरॉलॉजिस्ट हा वैद्यकीय पदवीधर असून तो औषधोपचार करतो. चेतामानसशास्त्रज्ञ सामान्यतः औषधे देत नाही. एमआरआय तपासणीत इजा कोठे आहे ते दिसते, परंतु पक्षाघातातून सावरलेला दुकानदार पुन्हा हिशेब सांभाळू शकेल की नाही, हे त्या चित्रावरून कळत नाही. तो प्रश्न या तज्ज्ञाकडे येतो.

इतिहास

फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये, ‘टॅन’ या एकाच अक्षरसमूहाखेरीज काही बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागात इजा असल्याचे दाखवले. दुसऱ्या महायुद्धात रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम केले. एखादी क्षमता मेंदूच्या एकाच ठिकाणी वसत नसून अनेक भागांच्या सहकार्यातून घडते, हा त्यांचा विचार आजही या शास्त्राचा पाया आहे.

सर्वाधिक अभ्यासला गेलेला रुग्ण म्हणजे अमेरिकेतील हेन्री मोलेसन. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतील भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, पण नव्या घटना लक्षात राहणे जवळजवळ थांबले. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला आठवण नसे. प्रसंगांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती वेगळ्या असतात, हे यातून दिसून आले. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत शास्त्रीय लेखनात तो केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाई.

कार्य

मूल्यमापनाची सुरुवात चाचणीने होत नाही. रुग्णाचे शिक्षण, व्यवसाय, भाषा, झोप, औषधे आणि आजारापूर्वीचा स्वभाव यांची चौकशी आधी केली जाते; घरच्यांशीही स्वतंत्रपणे बोलले जाते, कारण काही विकारांत रुग्णाला स्वतःतील बदल जाणवतच नाही.

चाचणीत केवळ किती गुण मिळाले हे पाहणे पुरेसे नसते. चूक कशी झाली तेही पाहावे लागते. एका प्रचलित चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात व काही वेळाने ती पुन्हा विचारतात. एखाद्याला शब्द आठवत नाहीत, परंतु दुसऱ्या शब्दांत मिसळून सांगितल्यास तो ते ओळखतो. म्हणजे शब्द साठले आहेत, बाहेर काढणे अवघड जात आहे. दुसऱ्याला ते ओळखताही येत नाहीत. तेथे साठवणच बिघडलेली असण्याचा संभव अधिक. अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशात दुसरा प्रकार आढळतो, तर नैराश्यामुळे येणारा विसराळूपणा बहुधा पहिल्या प्रकारासारखा असतो. उपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

अपस्मारावरील शस्त्रक्रियेपूर्वी भाषा व स्मृती यांना किती धोका आहे याचा अंदाज घेणे, डोक्याला मार बसलेल्या विद्यार्थ्याला शाळेत कोणत्या सवलती लागतील ते सांगणे, दैनंदिनी किंवा मोबाइलवरील स्मरणसूचना वापरण्याची सवय लावणे ही कामेही त्यांच्याकडे असतात.

प्रमाणके, शिक्षण आणि भाषा

कोणताही गुणांक समान वयाच्या व शिक्षणाच्या निरोगी व्यक्तींच्या गुणांशी, म्हणजेच प्रमाणकांशी, ताडून पाहिल्याशिवाय निरर्थक असतो. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिनी-मेंटल स्टेट’ या ३० गुणांच्या परीक्षेत वाक्य वाचणे, वाक्य लिहिणे, एकमेकांत गुंतलेले पंचकोन काढणे आणि शंभरातून सात-सात वजा करत जाणे अपेक्षित असते. कधीच शाळेत न गेलेली, पण घर आणि शेती उत्तम सांभाळणारी आजी येथे गुण गमावते आणि तिच्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसू शकतो. उलट, उच्चशिक्षित व्यक्तीचा खरा ऱ्हास चांगल्या गुणांआड दडून राहतो. दोन्ही चुका कुटुंबाला महागात पडतात.

ही उणीव ओळखून हरियाणातील बल्लभगढ येथील निरक्षर ग्रामीण वृद्धांना चालेल अशी या परीक्षेची हिंदी आवृत्ती तयार करण्यात आली. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात वय, लिंग व शिक्षण यांनुसार प्रमाणके दिली असून निरक्षरांचा वेगळा गट आहे.

निव्वळ भाषांतराने काम भागत नाही. दिलेल्या अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगण्याची चाचणी इंग्रजीत सरळ आहे. मराठीत ‘क’ दिल्यावर ‘किल्ला’ आणि ‘कोयता’ धरायचे की नाही, हे आधी ठरवावे लागते. अक्षरओळख नसलेल्यांना त्याऐवजी प्राण्यांची नावे विचारली जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विकसित केलेला बोधात्मक चाचणीसंच आरंभी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. त्यांत मराठी नव्हती. प्रमाणित साधन नसेल तेथे तज्ज्ञाला रुग्णाच्या पूर्वायुष्याशी तुलना करून आणि काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेऊन निष्कर्ष काढावा लागतो, आणि अहवालात ती मर्यादा स्पष्ट नोंदवावी लागते.