कडेची तीन फूट माती

पहाटे साडेपाच

जूनचा पहिला पंधरवडा. पाऊस अजून धरलेला नाही, शाळा तोंडावर आली आहे, आणि हिंगोलीत अंगमेहनतीचं काम करायचं तर ते सात वाजायच्या आत. दार उघडलं की आधी बादली. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाज्यांचं पाणी मी वेगळं साठवते. ते दारापुढच्या कडुनिंबाला. समोरच्या आजी त्यांच्या करंजाला तांब्या-तांब्याने घालतात, कारण बादली उचलवत नाही. आमच्या गल्लीत झाडं वाटून दिलेली आहेत. ज्याच्या दारात आळं नाही त्याच्याकडेही एक झाड आहे, भाडेकरूकडेसुद्धा आहे. भाडेकरू बदलला की घरमालक नव्या माणसाला लाईटचं मीटर आणि नळाचा दिवस सांगतात, तेव्हाच झाडही दाखवतात.

रोजच्या रोज करायची ही शिस्त आम्ही लातूरकडे बघून घेतली. तिथे ग्रीन लातूर वृक्ष टीमची माणसं २०१९ पासून सकाळी सकाळी झाडांच्या कामाला जमतात. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते शहर हे करतं. जुलैत फोटोपुरतं वृक्षारोपण सगळीकडेच होतं. रोप जगतं ते पुढच्या मार्च ते मे या तीन महिन्यांच्या पाण्यावर.

सात

घंटागाडी येते. पालापाचोळा तिच्यात जात नाही आणि कोपऱ्यावर जाळलाही जात नाही. जाळायची सवय मोडायला वेळ लागला, त्यावरून दोन घरांत अबोलाही झाला. आता पाला आळ्यातच पसरतो. त्याखाली ओल टिकते.

साडेआठ

मशीन ओट्यावर, तोंड रस्त्याकडे. जून म्हणजे गणवेशांचा महिना. उरल्या दिवसांत सगळ्या गल्लीच्या चड्ड्या, फ्रॉक, सलवारी माझ्या मशीनवरून जायच्या असतात. "काकू, गुंड्या लागल्या का?" करत पोरं पळत येतात आणि रस्ता न बघता पळत जातात. माझा पाय पायट्यावर असतो, डोळा शिवणीवर, आणि कान रस्त्यावर. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावर वाढला की हात आपोआप थांबतो.

पूर्वी असं नव्हतं. आधी गल्ली खडी-मुरमाची होती. चिखल व्हायचा, म्हाताऱ्या घसरायच्या, रुग्णवाहिका यायला कुरकुरायची. पक्का रस्ता आम्हीच मागितला आणि तो हवाच होता. पण तो झाला भिंतीपासून भिंतीपर्यंत. ज्या अर्ध्या भागात काँक्रीट पडलं, तिथली कडेची माती गेली, मातीबरोबर जुनी दोन झाडं वाळली, सावली गेल्यावर ओट्यावर बसणाऱ्या बायका आत गेल्या. बायका आत गेल्या, रस्ता रुंद आणि रिकामा दिसू लागला, आणि गाड्या सुसाट झाल्या. मुख्य रस्त्यावर गर्दी असली की हळद घेऊन मोंढ्याकडे निघालेले ट्रॅक्टरसुद्धा आता आमच्याकडून वळतात. ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन काय होणार? त्याला सरळ, मोकळा, गुळगुळीत रस्ता दिसतो.

गल्लीच्या उरलेल्या अर्ध्या भागाचं काँक्रीट अजून व्हायचं आहे. तिथे झाडं आहेत, बाकडं आहे, वळताना गाडीला जरा अंग चोरावं लागतं. आणि तिथेच पोरं खेळतात. एकाच गल्लीची ही दोन टोकं मी रोज मशीनवरून बघते, म्हणून ठामपणे सांगते की झाडांचा प्रश्न आणि अपघाताचा प्रश्न वेगळे नाहीत. दोन्ही कडेच्या तीन फुटांत आहेत.

अकरा

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता काका पोरांना घेऊन येतात. त्यांनी रस्त्यावर खडूने दोन रेघा मारून घेतल्या आहेत, मधलं अंतर मोजून २० मीटर. एक पोरगा मोबाईलवर सेकंद मोजतो, दुसरी वहीत लिहिते. गाडीने हे अंतर दोन सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३६ किलोमीटर, चार सेकंद लागले तर १८. सहावीतल्या पोरांना हे गणित पुस्तकापेक्षा इथे लवकर कळलं.

काका त्यांना सांगतात, वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली. चालणारी माणसं आणि वाहनं जिथे एकत्र असतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी, असं तिच्या जाहीरनाम्यात आहे. आमची वही बघितली तर काँक्रीटच्या टोकाला ती मर्यादा मोडते आणि मातीच्या टोकाला पाटी न लावता पाळली जाते.

"मग आपणच एक गतिरोधक टाकू ना," पोरगा म्हणतो. काका नको म्हणतात. सिमेंटचा उभा ढिगारा टाकला की गरोदर बाईला आणि पाठीच्या दुखण्याच्या माणसाला हादरे बसतात, रात्री स्कूटर घसरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे बारा फुटांत फक्त चार इंचांची चढ-उतार. त्यावर पांढरे पट्टे हवेत. तो परवानगीने आणि मापानेच व्हावा, यावर मीही हट्टी आहे.

दोन

या वेळी रस्त्यावर कुणी नाही. पत्रा तापलेला, पंखा गरम हवा फिरवतो, आणि मी मशीन ओढून कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला घेते. झाड कोणतं लावायचं हे डोक्यावर बघून ठरतं. विजेच्या तारांखाली ताम्हण किंवा कांचन, तारा नसलेल्या बाजूला कडुनिंब, करंज. वड-पिंपळ गल्लीत नको. त्यांची मुळं घरांच्या पायात शिरतात, त्यांची जागा तळ्याकाठी नि माळावर. झटपट हिरवं दिसतं म्हणून काही ठिकाणी कोनोकार्पस लावतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आम्हीही तो दारात येऊ देत नाही.

खड्डे मे महिन्यातच घेऊन ठेवलेत, दोन फूट लांब-रुंद-खोल, उन्हाने तापायला. त्यात गाळाची माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नुसत्या तिच्यात कोवळं रोप सोडून भागत नाही. रोपांभोवतीच्या जाळ्यांसाठी लोखंड भंगारवाल्या भाऊंनी वजनाच्या भावात दिलं. वेल्डिंग गल्लीतल्याच पोराने केलं.

चार

तयार गणवेश पोचवायच्या वाटेवरच नगरपरिषदेची कचेरी पडते. अर्ज हातात आहे. मागण्या दोनच. उरलेल्या रस्त्याचं काँक्रीट करताना एका बाजूला तीन फूट मातीचा पट्टा सोडावा, आणि मापाचे गतिरोधक दोन ठिकाणी द्यावेत. सोबत पोरांच्या वहीची झेरॉक्स, आणि दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिलेल्या आदेशाचा उल्लेख. झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लवादाने तेव्हा सांगितलं होतं. लिपिक भाऊ वही उलटून बघतात, "हे पोरांनी केलं?" असं दोनदा विचारतात, आणि पोचेवर शिक्का मारून देतात.

साडेसहा

मारुतीच्या पारावर बैठक. इथे गोड गोड काही नसतं. चारचाकीवाले दादा दर वेळी विचारतात, "झाडं लावायलात, मग माझी गाडी कुठं लावू?" प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही मोजून काढलं. दोन झाडांमध्ये वीस फूट ठेवले तर मधे एक गाडी आरामात बसते. गाड्या पट्ट्याच्याच बाजूला राहतील, समोरची बाजू मोकळी, आणि रुग्णवाहिका किंवा पाण्याचा टँकर सरळ जाईल. झाड, गाडी, झाड, गाडी अशी ओळ झाली की रस्ता डोळ्यालाच अरुंद दिसतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो.

किराणा दुकानदारांना पाटी झाकायची काळजी. त्यांच्या समोरची फांदी छाटायची तर विचारून, कारण १९७५ च्या राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली शहरातलं झाड आपल्या मनाने तोडता येत नाही. लग्नाचा मांडव कुठे टाकायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो पुढच्या बैठकीला.

चहा होता होता काका डेल्फ्टची गोष्ट काढतात. नेदरलँड्समधल्या त्या गावात १९६० च्या दशकाअखेर घरांपुढून गाड्या सुसाट जायला लागल्या, तेव्हा रहिवाशांनी स्वतः रस्त्याची फरशी उकरून गाड्यांना वळणं घ्यायला लावली. पुढे झाडं, बाकडी आली, आणि १९७६ मध्ये सरकारने अशा रस्त्यांना कायद्यात जागा दिली. फरशी आपण उकरायची नाही, पण रस्ता कसा असावा हे तिथे राहणाऱ्यांनी आधी ठरवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या बैठकीत सगळ्यांत जास्त बोलतात त्या कधीही अर्ज न लिहिलेल्या बायका, कारण दिवसभर रस्ता त्याच बघतात.

नऊ

जेवणं उरकून आम्ही तिघी-चौघी गल्लीतून एक फेरी मारतो. बंद दिव्याच्या खांबाचा नंबर टिपून घेतो. "कोपऱ्यावर अंधार आहे" म्हणण्यापेक्षा नंबर दिला की काम लवकर होतं. शिकवणीहून येणाऱ्या मुली या वेळी परततात. बाकड्यावर कुणी बसलेलं असलं की त्या निवांत चालतात.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही तुमच्या गल्लीचं काँक्रीट अजून व्हायचं असेल तर माझं एवढं ऐका. अंदाजपत्रक तयार व्हायच्या आधी अर्ज द्या. एकदा काँक्रीट पडलं की ते फोडून माती काढायला कुणी पैसे देत नाही. अर्जात कडेची तीन फूट माती मागा, गतिरोधकाचं माप लिहा, प्रत्येक घरातून एक सही घ्या, बायकांची आवर्जून घ्या, आणि आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नका.