नौकेच्या अंतरंगाचा पंचनामा

इ. स. १६५७ च्या अखेरीस कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली आली व त्यानंतर लवकरच तेथील खाडीच्या आश्रयाने आरमार उभारण्याचा उद्योग सुरू झाला, आणि त्या कामावर रुई लैतांव व्हियेगस नामक पोर्तुगीज गृहस्थ आपल्या माणसांसह काही काळ होता, ही हकीकत पोर्तुगीज दफ्तरात नमूद आहे. भिवंडीची आजची ख्याती गलबतांवर नसून यंत्रमागांवर आहे. तथापि आधुनिक शिडाच्या नौकेचे शरीर या गावाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण तेही पुष्कळ अंशी विणलेलेच असते. काचेच्या तंतूंचे उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड, तोडलेल्या तंतूंची चटई आणि या दोहोंना एकजीव करणारी पॉलिस्टर राळ यांचे थर साच्यात एकावर एक चढवले, म्हणजे फायबरची नौका सिद्ध होते. साच्याला लागून असलेल्या बाहेरच्या अंगाला जेलकोटचा गुळगुळीत थर लाभतो. आतल्या अंगाला साचा नसल्यामुळे तंतूंची खडबडीत वीण तेथे उघडीच राहते, आणि मेण मिसळलेल्या राळेचा किंवा रंगाचा हात फिरवून ती झाकावी लागते.

हाच आतला हात जुन्या नौकेत प्रथम दगा देतो. पायाखालच्या फळ्या उचलून पाहावे तर रंगाचे पापुद्रे सुटलेले, कोठे फोड आलेले आणि तळाशी तेलकट पाणी साचलेले; हे दृश्य पाहून मालक घाबरतो व नौकेला ‘ऑस्मोसिस’ झाला असे जाहीर करून मोकळा होतो. हा व्याधी खरा आहे, यात शंका नाही: पाणी राळेत झिरपते, राळेचे काही घटक विघटित होतात, आणि फोड फोडला असता आंबूस वासाचा चिकट द्रव बाहेर येतो. परंतु माझ्या मते आतल्या रंगाच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ इतके खोल नसते. राळ हवेच्या संपर्कात नीट कडक होत नाही, म्हणून तीत मेण घालतात, ते पृष्ठभागावर येऊन हवा अडवते. पण तेच मेण खरवडून न काढता पुढचा रंग चढवला, तर तो रंग राळेला न चिकटता मेणावर तरंगतो. इंजिनातून गळणारे डिझेल हेच करते. ओल आलेल्या भिंतीला सफेती देऊन समाधान मानणाऱ्या घरमालकाचे वर्तन नौकामालकांतही आढळते, याचे नवल वाटत नाही.

म्हणून ब्रश हाती घेण्यापूर्वी रीतसर पंचनामा करावा. तळ गोड्या पाण्याने व साबणाने धुऊन, तेल काढून, पूर्ण वाळू द्यावा. मग सुटलेला पापुद्रा उलटा करून पाहावा, कारण सर्वांत विश्वसनीय साक्ष त्याचीच असते: त्याची खालची बाजू स्वच्छ व चकचकीत असेल, तर दोष पूर्वतयारीचा, तिला काचेचे तंतू चिकटून आले असतील, तर खालचा थरच दुर्बळ झाला आहे असा संशय घ्यावा. शंका राहिल्यास प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या खाली जमले तर ओल नौकेच्या अंगातली, वर जमले तर हवेतली. लहान हातोडीने ठोकत गेले असता जेथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येईल, तेथे थर एकमेकांपासून सुटले असावेत. ओल मोजण्याच्या यंत्राचा आकडा मात्र निकाल म्हणून स्वीकारू नये. एकाच नौकेच्या दोन जागांची तुलना करण्यापुरताच तो उपयोगी आहे.

नौकेची जात कोणती, हेही आधी विचारले पाहिजे. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली, आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली ती ‘म्हादेई’, सीडर लाकडाच्या पट्ट्यांच्या दोन्ही अंगांस काचतंतूंचे आवरण देऊन केलेली आहे. अशा रचनेत आतल्या आवरणाची चीर म्हणजे थेट लाकडापर्यंत पाण्याला वाट, आणि तिची तपासणी निव्वळ काचतंतूच्या नौकेपेक्षा अधिक तातडीची.

निदान पक्के झाल्यावर दुरुस्तीची तजवीज करावी. ती कोकणच्या पावसाळ्यात करू नये, कारण दमट हवेत दुरुस्तीच्या एपॉक्सी राळेवर मेणचट साय येते व पुढचा थर पुन्हा सुटतो. पॉलिस्टरवर एपॉक्सी बसते, एपॉक्सीवर पॉलिस्टर सहसा नीट बसत नाही, हा क्रम ध्यानात असावा. बंद तळात काम करताना वायुवीजन आणि योग्य गाळणीचा मुखवटा यांत काटकसर नको. आणि रंग देताना आडव्या तुळयांतील ती बारीक छिद्रे, ज्यांतून पाणी पंपाकडे वाहत जाते, ती रंगाने बुजली तर नाहीत ना, हे शेवटी काडीने तपासून पाहावे.