जेटीकडची पायवाट : सळई कमी, पाणी मोजून



जेटीवरून बाजाराच्या रस्त्याला लागणारी काँक्रीटची पायवाट यंदा पुन्हा बदलायची आहे. मागची पुरते तीन पावसाळेही टिकली नाही. दोन ठिकाणी फरशी उचललीय, एका कडेला खालची माती भरतीच्या पाण्याने नेली आणि वर नुसता पोकळ पापुद्रा राहिलाय. पहाटे अंधारात डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या बाईला पायाखालचं दिसत नसतं. ठेच लागली तर नुसते मासे सांडत नाहीत, हाड मोडलं तर तिचा अख्खा हंगाम जातो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच चार गोष्टी इथे मांडतो.

वाड्यावर विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली : “आत सळई घाला, मग बघा कसं मजबूत होतं!” आम्हाला हे पटत नाही. ट्रॉलरच्या पत्र्याचं आणि नांगराच्या साखळीचं खारं पाणी काय करतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेच खार काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि आतून फुगून तोच वरचं काँक्रीट फोडतो. आयएस ४५६ (२०००) या भारतीय मानकात किनाऱ्यालगतच्या सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलंय, आणि थेट खाऱ्या तुषारांत असेल तर ५०. चार इंची पायवाटेत एवढं आवरण वर आणि खाली ठेवायचं तर सळई अगदी मधोमध बसायला हवी. प्रत्यक्षात काय होतं? जाळी जमिनीवर अंथरतात, वर काँक्रीट ओततात, जाळी तळाशी मातीला चिकटून राहते. पैसे लोखंडाचे गेले आणि फायदा गंजाचा झाला.

नुसत्या माणसांच्या वाटेला साधं, बिनसळईचं काँक्रीट पुरतं. मात्र त्याला सांधे हवेत. काँक्रीट सुकताना आकसतं, त्याला चीर जाणारच. ती कुठे जावी एवढंच आपल्या हातात असतं. चार इंच जाडीला साधारण दीड ते दोन मीटरवर काप द्यायचा, जाडीच्या पाव भागाइतका खोल, म्हणजे एक इंच. काप दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला तर चीर आधीच आपली वाट शोधते. जिथे बर्फाचा टेम्पो किंवा पिकअप वाट ओलांडतो, तेवढ्या पट्ट्यात जाडी सहा इंच ठेवावी. सगळीकडे सहा इंच करणं म्हणजे पैसे पुरणं.

आता पाणी. मिश्रण घट्ट असलं की घमेलं जड लागतं, म्हणून गडी बादलीभर पाणी जास्त ओततो आणि काम भराभर सरकतं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं, त्यातून खार आत शिरतं. ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नको. लाटेचे तुषार पडतात तिथे २२. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही याच हिशेबात धरायचं. सिमेंट स्लॅगचं किंवा फ्लाय ॲशचं घ्यावं, खाऱ्या हवेत ते जास्त चांगलं. पण ते सावकाश घट्ट होतं, म्हणून त्यावर किमान १० दिवस, जमलं तर १४ दिवस पाणी मारायला हवं. पोती टाकून ओली ठेवली की झालं. हे पाणी नळाचं किंवा विहिरीचं, खाडीचं मुळीच नाही. खाडीतून काढलेली वाळूही न धुता वापरू देऊ नये. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, खारट लागली तर परत पाठवा.

पण खरी वाट खालीच ठरते, वर नाही. आपल्याकडे वरच्या अंगाला जांभा, खाडीच्या अंगाला चिखल. एकाच वाटेचा अर्धा भाग पक्का आणि अर्धा बसणारा, मग मधे तडा जाणारच. चिखल खणून काढून खडीचा थर पाणी मारून धुम्मसने ठोकायला हवा, सैल भरावावर काँक्रीट ओतून चालत नाही. खाडीच्या कडेला दगडाची किनार बांधून ती भरतीच्या माऱ्याखाली खोल न्यावी. एका बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार असावा आणि पाणी गटारात पडावं, वाटेखाली नव्हे. नळाचा पाइप पुढे कधीतरी येणारच, तेव्हा आडवी रिकामी नळी आधीच टाकून ठेवा. नाहीतर काम होऊन महिना झाला नाही तोच कुणीतरी पहार घेऊन येतो, हे आपण पाहतोच!

वरचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करू नका. फोटोत छान दिसतो, पण बर्फाचं पाणी आणि पावसाळ्यातलं शेवाळ त्यावर आलं की तेल ओतल्यासारखं होतं. ओलं असताना खराटा आडवा ओढला की पाय धरतो.

पेव्हर ब्लॉकचंही कुणी सुचवतं. पाइप काढायला सोपे, हे खरं. पण कडेला धरून ठेवणारी किनार सुटली की खालची वाळू पावसात वाहते आणि हातगाडीचं चाक खड्ड्यात अडकतं. जेटीजवळ तरी नकोत.

जुनी वाट सगळीच फोडायची गरज नाही. लोखंडी पहारीने ठोकत जा. भरीव आवाज आला तो खण राहू द्या. पोकळ आवाज आला तो सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण काढा. फुटक्या फरशीवर इंचभर गिलावा चढवला तर खालची चीर एका पावसात वर येते.

राहिला मुहूर्त. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, जेटी रिकामी असते, म्हणून “तेव्हाच उरका” असं काही जण म्हणतात. धो धो पावसात ताज्या काँक्रीटवरचं सिमेंट धुऊन जातं, आणि मे महिन्यातली घाई त्याहून वाईट. आमच्या मते जानेवारी-फेब्रुवारीत करावं. मासळी चालू असते, खरं आहे. म्हणून अर्धी रुंदी आधी, अर्धी नंतर, मधे लांबीचा सांधा. पहिल्या अर्ध्यावरून आठवडाभर माणूस नको, हातगाडीला आणखी थांबावं लागेल. तेवढे दिवस पाट्या कुठून न्यायच्या हे बायकांनाच विचारून ठरवावं, कारण पर्यायी वाट त्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याला झेपायला हवी. ग्रामसभेत पंचांपुढे हा विषय येईल तेव्हा त्यांनी पुढे बसावं.